चावी हातात आल्याशिवाय नोटीस देऊ नकोस

कोथरूड, पुणे
२ एप्रिल २०२६

प्रिय मित्रा,

फोनवर तू विचारलंस, "मग कधी जाताय मोशीच्या नव्या घरात?" आणि मी "बघू, मेमध्ये" म्हणून विषय गुंडाळला. नीट सांगायचं तर पत्रच लिहायला हवं होतं. शिवाय तुझंही नागपूरजवळच्या बेसाचं घर वर्षभरात ताब्यात येईल, म्हणजे हाच घोळ उद्या तुझ्या दारात उभा राहणार आहे.

घोळ असा की तारखा दोन असतात. भाड्याच्या घराची तारीख पक्की. आमचा अकरा महिन्यांचा करार ३१ मेला संपतो आणि त्यात एक महिन्याची नोटीस आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट भाडं वसूल करता येतं, तशी तरतूद १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातच आहे. आमचे मालक सज्जन आहेत, गौरी-गणपतीला आईच्या हातच्या करंज्या नेतात, पण जूनमध्ये त्यांचा मुलगा इथे राहायला येतोय. तिथे करंज्या चालणार नाहीत. दुसरी तारीख बिल्डरची. ती गणपतीत दसऱ्यावर जाते, दसऱ्याला दिवाळीवर.

डिसेंबरपासून साइट ऑफिसातली पोरं मागे लागली होती, "सर, फिटआउटसाठी ताबा घेऊन टाका." भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा महापालिकेचा दाखला, आलेलं नव्हतं. म्हणजे सुतार आत घालायचा, पण राहायचं नाही. कायमचं वीजमीटर नाही, लिफ्ट मजुरांच्या ताब्यात, आणि शेवटची रक्कम मात्र आत्ताच भरा. मी नाही म्हणालो. बायकोला तेव्हा तो आडमुठेपणा वाटला, कारण सुताराला दोन महिने जास्त मिळाले असते. तिचंही बरोबर होतं म्हणा. पण भोगवटा नसलेल्या घरात पैसे आणि लाकूड दोन्ही अडकवून बसायची माझी तयारी नव्हती.

आमच्याच मजल्यावर ज्यांचा फ्लॅट आहे, त्या कुटुंबानं दसऱ्याचा शब्द खरा धरून भाड्याचं घर सोडलं. मग सामान गोडाऊनमध्ये आणि माणसं सासुरवाडीला. जानेवारीत साइटवर त्या काकू भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "कुकर कुठल्या खोक्यात आहे तेसुद्धा आठवत नाही आता." गोडाऊनचं भाडं, दोनदा शिफ्टिंग, दोनदा मोडतोड. वर जावई घरात, म्हणून सासऱ्यांची रोजची धावपळ, ती वेगळीच.

भोगवटा फेब्रुवारीअखेर आला. रेरात, म्हणजे बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्यात, असं आहे की भोगवटा मिळाल्यापासून दोन महिन्यांत घेणाऱ्यानं ताबा घ्यायचा. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, बिल्डरनंच उशीर करायचा असतो असं वाटतं. आम्ही पाडव्याला चावी घेतली. आईला मुहूर्त मिळाला आणि मला ३१ मार्चच्या आतला ताबा. मी अजून जुन्या करप्रणालीत आहे, त्यामुळे सरत्या वर्षाच्या गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळेल. तू नव्या प्रणालीत गेला असशील तर स्वतः राहण्याच्या घराच्या व्याजाला तिथे वजावट नाही, तेव्हा त्यापायी मार्चची धावाधाव करू नकोस.

आता चावी आहे, मग जात का नाही? कारण घर अजून घर नाहीये. किचन ट्रॉल्यांचं माप घेऊन झालंय, माल यायचाय. बाल्कनीला ग्रिल नाही आणि अकराव्या मजल्यावर धाकटा ग्रिलशिवाय ठेवायची माझी छाती नाही. आणि पाणी! मोशी पडते पिंपरी-चिंचवडमध्ये, आणि तिथे महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. बाकीची गरज बोअर आणि टँकरवर, आणि मेमध्ये टँकर म्हणजे काय ते तुला सांगायला नको. म्हणून परवा मुद्दाम भर दुपारी गेलो आणि सगळे नळ एकदम सोडले. पहिली बादली तांबूस, तळाला वाळूचा थर. मग पाणी स्वच्छ झालं, पण मास्टर बेडरूमच्या बाथरूममध्ये धार करंगळीएवढी. प्लंबरला बोलावलं तर व्हॉल्व्हमध्ये सिमेंटचा खडा निघाला. हे सामान आल्यावर, सकाळी सात वाजता, शाळेच्या गडबडीत कळलं असतं तर?

राहता राहिलं पंचांग. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. आईच्या हिशेबी त्या महिन्यात नव्या घराचं नावही काढायचं नाही, आणि २५ जुलैला आषाढी एकादशी, की लागला चातुर्मास. शाळा १५ जूनला उघडणार. सगळं एकात एक अडकलेलं. मी म्हटलं, वास्तुशांत आणि शिफ्टिंग एकाच दिवशी कशाला हवं? अक्षय तृतीया १९ एप्रिलला आहे, रविवार आहे, साडेतीन मुहूर्तांतला दिवस, वेगळा मुहूर्त बघायलाच नको. त्या दिवशी वास्तुशांत, कलश, दूध उतू घालवणं, सगळं होऊन जाऊ दे. आई म्हणाली, वास्तुशांत झालेलं घर अंधारात ठेवत नाहीत. मग रोज संध्याकाळी सुतारांच्या पसाऱ्यातच दिवा लावायला जायचं ठरलं. गुरुजींनी आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी मोकळी ठेवायला सांगितली आहे, वास्तुपुरुषासाठी. फरशीवाल्याला हे सांगावंच लागलं नाही. त्यानं तो तुकडा न चिकटवता नुसता बसवून ठेवलाय. म्हणाला, "सगळ्यांकडे नंतर फोडावी लागते साहेब."

सामान हलेल बुधवारी, १३ मेला. मधला वार, मधली तारीख. महिनाअखेरीला आणि शनिवार-रविवारी पॅकर्सवाल्यांचे भाव चढतात आणि माणसंही घाईतली मिळतात. अधिकाच्या आधी झालं म्हणून आई खूश. सुतारानं दगा दिलाच, तर कलश आधी ठेवलेला असल्यानं अधिकातही राहायला जायला ती तयार आहे. हे मी तिच्याकडून आधीच वदवून घेतलंय. मालकांना नोटीस या आठवड्यात देणार, ३१ मेची. थोरलीची परीक्षा एप्रिलअखेर संपते. निकाल लागला की दाखला काढायचा आणि मोशीच्या शाळेत द्यायचा.

म्हणजे १३ मेनंतर रिकाम्या घराचं भाडं भरायचं, आणि एप्रिलपासून बँकेचा पूर्ण हप्ताही सुरू. बायकोचे बाबा म्हणाले, "बावीस हजार पाण्यात." मला तसं वाटत नाही. या सगळ्या व्यवहारात सर्वांत स्वस्त काही असेल तर हे जादा भाडं. मुद्रांक शुल्काला आपण लाखांनी मोजतो, ट्रॉल्यांच्या सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्यांना हजारांनी, आणि नेमका ज्या पैशानं रात्री झोप लागते तो वाचवायला जातो. उरलेल्या दिवसांत जुनं घर रिकामं करून धुऊन देता येईल, खिळ्यांची भोकं बुजवता येतील, मालकांसोबत भिंतीन् भिंत बघून डिपॉझिटचा हिशेब तिथल्या तिथे करता येईल. नाहीतर "रंगाचे कापून घेतो" हे वाक्य फोनवर ऐकावं लागतं.

तुझी गोष्ट वेगळी आहे हे मला कळतं. तुझ्याकडे वहिनींच्या बदलीचा प्रश्न आहे, आणि बेसाला रस्त्याचंच काम चालू आहे म्हणतोस. पण भोगवटा आणि चावी हातात येईपर्यंत मालकाला काही बोलू नकोस, बिल्डरनं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तरी. आणि पुढचा करार करताना लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचा आहे ते आधी बघ. तो सहा महिन्यांचा असला आणि चावी तिसऱ्या महिन्यात आली तर उरलेलं भाडं तुझ्याच गळ्यात.

वास्तुशांतीला दोघंही या. शनिवारी रात्रीपर्यंत पोचलात तर बरं, मुक्काम कोथरूडलाच, कारण नव्या घरात चटईसुद्धा नाहीये. आणि येण्याआधी तुझ्या भाडेकरारातल्या नोटीस आणि लॉक-इनच्या कलमांचे फोटो पाठव, रविवारी पूजा उरकल्यावर निवांत बसून बघू.

तुझाच,
कोथरूडचा (१२ मेपर्यंत)