पावसात ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं आणि काय करत नाही

संपादक महोदय,

मिरगाचा पाऊस लागला की दरवर्षी तेच बघायला मिळतं, हायवेवर कुठेतरी एखादी मोठी गाडी डिव्हायडरवर चढलेली असते नाहीतर बाजूच्या शेतात उतरलेली असते आणि जमलेले लोक म्हणतात, एवढी महाग गाडी, सगळ्या सिस्टीम आहेत, तरी घसरली कशी? मी गोव्यात फोंड्याला गाड्यांच्या इलेक्ट्रिकल आणि सेन्सरच्या कामात आहे, गिऱ्हाइकंपण हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, जागा असली तर छापा.

आधी ताकदीचा हिशेब बघा. हल्ली मोठ्या डिझेल एसयूव्हीत ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, सहज मिळतो. पहिल्या गिअरात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा भाग) मिळून तो बारा पट झाला तरी ४८०० होतो, चाकाची त्रिज्या ३३ सेंटीमीटर धरली तर टायर रस्त्याला ढकलणार साधारण १४,५०० न्यूटननी. आता गाडी १७०० किलोची आणि निम्मं वजन इंजिननं फिरणाऱ्या चाकांवर असं धरा, तर चांगल्या सुक्या डांबरावर त्या दोन चाकांना पकड मिळते सात हजार न्यूटनच्या आसपास आणि ओल्या डांबरावर चारेक हजार. म्हणजे ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबलं तर इंजिन मागतंय त्याच्या पाव हिस्सासुद्धा कसाबसा रस्ता देतोय, आणि ही गोष्ट पहिल्या दोन-चार सरींत आणखी वाईट असते कारण उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर बुळबुळीत थर होतो. आपल्याकडे साखळी, डिचोली, उसगाव पट्ट्यात तर ट्रकांच्या टायरबरोबर आलेला तांबडा चिखल पण असतो.

ट्रॅक्शन कंट्रोल इथे कामाला येतं. प्रत्येक चाकापाशी एक स्पीड सेन्सर असतो, तोच जो एबीएसला, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमला, लागतो. कॉम्प्युटर चारही चाकांचा वेग सारखा तपासत असतो, इंजिननं फिरणारं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरायला लागलं की त्याला कळतं की हे स्लिप होतंय. थोडी स्लिप चालते, उलट टायरला सगळ्यात जास्त पकड दहा ते वीस टक्के स्लिपच्या दरम्यान मिळते, पण त्याच्या पुढे गेलं की पकड पडते आणि चाक नुसतं गरगरतं. मग कॉम्प्युटर दोन गोष्टी करतो, एक तर इंजिनची ताकद कमी करतो, म्हणजे थ्रॉटल बंद करतो, स्पार्क उशिरा देतो किंवा डिझेल-पेट्रोल तोडतो, आणि दुसरं म्हणजे गरगरणाऱ्या त्याच एका चाकाला ब्रेक लावतो. हा ब्रेक फार हुशारीचा आहे कारण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, डावं चाक चिखलात मोकळं फिरत असलं तर उजव्यालापण तेवढाच कमी मिळतो, डाव्याला ब्रेक लागला की उजव्याला जोर मिळतो आणि गाडी सुटते. तुम्ही पेडल दाबलेलं असताना गाडी अडखळल्यासारखी वाटते, घर्र घर्र आवाज येतो आणि डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र लुकलुकतं, ते फॉल्ट नसतं हो, ते चालू असल्याचं लक्षण आहे. तेच चित्र सतत पेटून राहिलं तर मात्र सिस्टीम बंद आहे किंवा बिघडलीय.

ही काही कालची गोष्ट नाही. बॉशचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं, ट्रॅक्शन कंट्रोल १९८६ च्या सुमाराला आणि ईएसपी, म्हणजे घसरत्या गाडीला दिशा धरून ठेवायला मदत करणारी सिस्टीम, १९९५ मध्ये. फॉर्म्युला वनमध्ये तर २००८ पासून ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे, तिथे पावसात शर्यत झाली तर सगळं काम ड्रायव्हरच्या उजव्या पायाचं.

आता मुद्दा. ही सिस्टीम पकड तयार करत नाही, असलेली पकड वाया जाऊ देत नाही एवढंच. ब्रेक मारताना तिचा काही उपयोग नाही, ते काम एबीएसचं, आणि वळणावर जास्त स्पीडनं शिरलात तर ईएसपीपण ठरावीक मर्यादेपर्यंतच सांभाळतं. टायरची पकड एकच असते, ती पुढे ढकलणं, थांबणं आणि वळणं यात वाटून घ्यावी लागते. चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटात वळणावर रिअर व्हील ड्राईव्ह, म्हणजे इंजिन मागची चाकं फिरवतं अशा, गाडीचं ॲक्सिलरेटर जोरात दाबलं की मागच्या टायरांना आडवं धरून ठेवायला काही उरत नाही आणि गाडीची शेपटी बाहेर जाते, फ्रंट व्हील ड्राईव्ह असली तर स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळ जाते. आणि पाणी साचलेल्या पट्ट्यात ऐंशीच्या स्पीडला टायर पाण्यावर तरंगायला लागला तर चारही चाकांखाली रस्ताच नसतो, तिथे कसला कॉम्प्युटर न कसलं काय. टायर झिजलेले असले तर हे त्याहून कमी स्पीडला होतं.

नवा टायर साधारण आठ मिलिमीटर खोल असतो, कायद्यानं १.६ मिलिमीटर किमान. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. पावसाळ्यासाठी माझं मत विचाराल तर तीन मिलिमीटरला बदला. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे घाला, गाडी फ्रंट व्हील ड्राईव्ह असली तरी. वेगवेगळ्या साईजचे टायर घालू नका, चाकांचे वेग मुळातच वेगळे झाले की कॉम्प्युटरला भलतंच वाटतं. आमच्याकडे पावसात येणाऱ्या कितीतरी गाड्यांत एकच भानगड असते, खाऱ्या हवेनं आणि पाण्यानं सेन्सरच्या कनेक्टरची पिन हिरवी पडलेली, एबीएस आणि ट्रॅक्शन दोन्हींचे दिवे पेटलेले, आणि मालक सांगतो तीन महिने झाले पण गाडी तर चांगली चालते. सुक्यात चालते बरोबर आहे, पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी ते नसणार ना.

ट्रॅक्शन कंट्रोल ऑफ करायचं बटण चिखलात किंवा वाळूत अडकलेली गाडी बाहेर काढायला दिलेलं आहे. पणजीच्या अटल सेतूवर पावसात ते दाबून मित्रांना गाडीची ताकद दाखवणारी पोरं बघतो तेव्हा काळजाचं पाणी होतं. इलेक्ट्रिक गाड्यांत टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, त्यांचं कंट्रोल खूप झटपट असतं हे खरं, पण टायर तेच आणि रस्तापण तोच.

काळ्या पाटीच्या रेंटच्या गाड्यांबद्दल मात्र वाहतूक खात्याला मनापासून विनंती आहे, गणेश चवथीच्या आधी या गाड्यांचे टायर आणि डॅशबोर्डवरचे दिवे रस्त्यावर थांबवून तपासा. बाहेरून आलेल्या माणसाला आपले रस्ते माहीत नसतात, गाडी माहीत नसते, त्याच्या हातात निदान टायर तरी धड द्या. आणि शोरूमवाल्यांनी डिलिव्हरीच्या वेळी हार घालून फोटो काढतात त्यातली पाच मिनिटं ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा कधी लुकलुकतो आणि कधी पेटून राहतो हे सांगायला द्यावीत.

आपला,
एक वाचक, फोंडा