अध्यापन मंडळाचं आवाहन : नवीन प्राध्यापकांसाठी हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

सत्र तोंडावर आलं आहे आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून डोकं वर काढून हे लिहितो आहे, तेव्हा थोडा विस्कळीतपणा चालवून घ्यावा. नव्याने रुजू होणाऱ्या प्राध्यापकांसाठीचा आपला अध्यापनवर्ग यंदाही घ्यायचा आहे. या मंडळींकडे पदव्या असतात, विषयही येतो. शिकवायचं कसं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

हा वर्ग उभा राहिला तो भौतिकशास्त्राच्या आपल्या निवृत्त सरांमुळे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१मध्ये सुरू केलेली पद्धत त्यांनी इथे आणली : संकल्पनेवर एक नेमका प्रश्न, प्रत्येकाचं स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, आणि पुन्हा उत्तर. सरांनी त्यावर भाषण दिलं नाही, सरळ आपल्या तासाला आम्हाला मागे बसवलं. एवढा ज्येष्ठ माणूस स्वतःचा वर्ग असा उघडा करतो, हे कौतुकाचंच.

उत्तरं दाखवायची क, ख, ग, घ ही कार्डं संख्याशास्त्राच्या मॅडमनी घरी बसून कापली, पदरचे पैसे घालून. आता त्यांचे रंग इतके उडालेत की फळ्यापाशी उभं राहिलं तर पिवळं आणि केशरी एकच दिसतं.

अर्थशास्त्राच्या मॅडमचं स्टॉपवॉच तर सगळ्यांनाच आठवत असेल. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात; तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलतात, असं अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांना शाळांच्या विज्ञानवर्गांत आढळलं होतं. मॅडमनी मागच्या बाकावरून आपल्यालाच मोजलं. ‘काही शंका?’ आणि ‘नाही ना? मग पुढे जाऊ’ यांच्यामध्ये एकाने श्वासही घेतला नव्हता! (नाव सांगत नाही.)

मागच्या आवाहनाला ‘स्तुत्य उपक्रम’ असे निरोप भरपूर आले, पावतीपुस्तक मात्र कोरंच राहिलं. ‘शिकवणं अंगातच असावं लागतं’ असंही ऐकावं लागलं. ते मनाला लागलं, खोटं कशाला बोलू! २०१४ साली अमेरिकेतले जीवशास्त्राचे अध्यापक स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के नापास, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. एवढ्या मुलांचं पास-नापास आपण कुणाच्या अंगभूत कलेवर सोडायचं का?

तर हवं आहे ते असं : जाड रंगीत कार्डशीट; पाठकोरे कागद, मिळतील तेवढे (तासाच्या शेवटी ‘काय कळलं, काय अडलं’ हे मुलांकडून लिहून घ्यायला); छपाईसाठी देणगी (धनादेश मंडळाच्या नावे, पावती मिळेल); मागे बसून टिपणं काढणारे निरीक्षक; आणि मुख्य म्हणजे आपला एखादा तास नवीन मंडळींना पाहू द्या, कला-वाणिज्यवाल्यांनी तर जरूर, कारण त्यांच्याकडून अजून एकही नाव नाही. नाव, विषय, तासाची वेळ कोषाध्यक्षांकडे द्यावी, त्या दुपारनंतर भेटतात. रोख रक्कमही त्यांच्याच हाती, कार्यालयात ठेवून जाऊ नये. वेळापत्रक लागण्यापूर्वी कळवावं, नंतर तास जुळवणं अवघड जातं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कार्यवाह, अध्यापन मंडळ