पेन्सिल माझ्या हाती देणाऱ्या वादकास

आदरणीय महोदय,

ट्रॉम्बोन म्हणजे नळी आत-बाहेर सरकवून वाजवायचे पितळी वाद्य; अशा आठ ट्रॉम्बोनसाठी लिहिलेले माझे दीड मिनिटाचे फॅनफेअर, म्हणजे छोटी जल्लोषी रचना, परवा प्रथमच वाजले, आणि टाळ्या सुरू झाल्या तेव्हा माझे लक्ष केवळ आपल्याकडे होते. तेव्हा गर्दीत बोलता आले नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

याआधी ज्या दोन जाणकारांना मी ही रचना दाखवली, त्यांपैकी एकाने ती न उघडताच परत केली आणि दुसऱ्याने बेथोव्हेनच्या १८१२ सालच्या, चार ट्रॉम्बोनसाठीच्या संथ रचनांचा दाखला देऊन या वाद्याला अशी धावपळ शोभत नाही, असे सुनावले. त्या रचना थोरच आहेत. पण त्याच बेथोव्हेनने १८०८ साली पाचव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात ट्रॉम्बोन विजयघोषासाठी योजले होते, याचा त्यांना विसर पडला.

माझ्या लेखनात दोष होता, हे मात्र खरे. चौथ्या वादकाला मी खालचा बी-फ्लॅट आणि लगेच वरचा बी नॅचरल असे आलटून पालटून, अतिशय जलद लिहिले होते. कागदावर हे शेजारचे स्वर. पण साध्या टेनर ट्रॉम्बोनवर पहिला मिळतो स्लाइड, म्हणजे सरकती नळी, पूर्ण आत असताना आणि दुसरा सातव्या पोझिशनला, म्हणजे हात पार लांबवल्यावर. मी ती रचना आपल्याला दाखवली, तेव्हा आपण काही न बोलता वाद्य उचललेत, तेवढीच जागा सावकाश वाजवलीत आणि आपला उजवा हात किती दूर जातो ते मला पाहू दिलेत. मग हवेची वाट लांबवणारा व्हॉल्व्ह अंगठ्याने दाबून पुन्हा वाजवलीत, तेव्हा स्लाइड दुसऱ्या पोझिशनच्या थोडीशीच पुढे गेली. ती ओळ असा व्हॉल्व्ह असलेल्या, खालच्या स्वरांच्या बास ट्रॉम्बोनची आहे, हे मला न सांगताच उमगले.

पान उघडे होते आणि पेन्सिल आपल्या हातात होती. ती माझ्यापुढे धरून आपण म्हणालात, ‘रचना तुमची आहे, बदल तुम्हीच करा.’ ज्याला अधिक कळते त्याने शिकणाऱ्याचा असा मान राखावा, हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे, आणि त्या दोन नकारांनंतर तर माझी लिहिण्याची उमेदच खचली होती. ती त्या क्षणी परत आली.

परवा ती ओळ आपणच वाजवलीत, एकही स्वर न निसटता. आपले मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
फॅनफेअरचा रचनाकार