कोटेशनमधली शेवटची ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका पतसंस्थेच्या सचिवांनी चहाला बोलावलं आणि कपाआधी चार पानी कोटेशन हातात दिलं. संस्थेला स्वतःचा ईमेल सर्व्हर बसवायचाय. "तुम्ही यातून गेलाय, जरा नजर टाका," म्हणाले. टाकली. २६ माणसांच्या टपालासाठी दोन प्रोसेसर, ६४ जीबी रॅम, बंद पडला तर लगेच हाताशी असावा म्हणून तसाच आणखी एक सर्व्हर, आणि अगदी तळाला, वाहतूक खर्चाच्या वर : 'बॅकअपसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क, १ नग'. त्या एका ओळीपायी हे पत्र. पावसाळा तोंडावर आहे, आणि अशी कोटेशनं गावात आणखीही फिरत असणार.

मी एका छोट्या सहकारी संस्थेत लेखनिक म्हणून निवृत्त झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये आमचा सर्व्हर तळमजल्यावर होता. इथं कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पुराची धोक्याची पातळी. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या शिपाईमामांनी मशीन उचलून टेबलावर ठेवलं, पाणी टेबलाच्याही वर आलं. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, नीट तारीख लिहून ठेवलेली. दोन्ही गेलं. पुढं लेखापरीक्षकांनी पत्रव्यवहार मागितला तेव्हा आम्ही लोकांच्या दारोदार जाऊन आमचीच पत्रं परत मागत होतो. काहींनी दिली. काहींनी 'शोधतो' म्हणून सांगितलं, ते अजून शोधतायत.

जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. तोवर मशीन दुसऱ्या मजल्यावर गेलं होतं, पण वीज नव्हती. सर्व्हर चार दिवस बंद. अध्यक्षांचा जीव वरखाली, की या चार दिवसांची पत्रं गेलीच. वीज आली, मशीन सुरू केलं, आणि दुपारपर्यंत अडलेली पत्रं एकेक करून येऊन पडली. आपला सर्व्हर उत्तर देत नसला तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र आपल्या रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. बहुतेक सर्व्हर चार-पाच दिवस तरी दम धरतात, मगच पत्र परत फिरवतात. म्हणून सचिवांना म्हटलं, तो दुसरा सर्व्हर आधी काढा. छोट्या संस्थेचं टपाल दोन दिवस थांबलं तर आभाळ कोसळत नाही. पैसा बॅकअपच्या डिस्कवर लावा.

विक्रेत्याचा प्रतिनिधी तिथंच होता, भला मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, आत दोन डिस्क आहेत, रेड वन (RAID 1) पद्धतीच्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप." बरोबर आहे, आणि ती हवीच, एक डिस्क मेली तर काम थांबत नाही. (दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या घेऊ नका एवढं त्याला सांगितलं. बरोबरीनं झिजलेल्या डिस्क बरोबरीनंच मान टाकू शकतात.) पण तो आरसा आहे. आमच्याकडं एका नव्या मुलानं थकबाकीचा अख्खा फोल्डर चुकून पुसला, तो दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसला गेला. व्हायरसनं फायली कुलूपबंद केल्या तरी तेच, आणि बॅकअपची डिस्क केबलला कायमची लटकत असेल तर तीही त्यातच.

पुरानंतर आम्ही असं बसवलं : रोज रात्री टपालाची नक्कल ऑफिसातल्याच दुसऱ्या जुन्या पीसीवर, मागच्या ३० दिवसांच्या वेगवेगळ्या प्रती राखून. शिवाय दोन डिस्क आलटूनपालटून. दर शनिवारी एक भरून काढायची आणि आर. के. नगरात उंचावर राहणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी न्यायची, तिथली परत आणायची. इंटरनेटवरून बाहेर नक्कल ठेवायचा विचार झाला, पण आमचं टपाल १४० जीबी आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस. पहिलीच नक्कल चढायला दीड दिवस. ते पुढं केलंही, पण डिस्क थांबवली नाही. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जातो त्या दिवसांत इंटरनेटवर भिस्त ठेवायची माझी तयारी नाही.

१४० जीबी कशानं झालं ते सांगण्यासारखं आहे. कर्जप्रकरणाचे कागद रंगीत, ६०० डीपीआयनं स्कॅन होत होते. ईमेलला जोडलेली फाईल प्रवासासाठी अक्षरांत बदलली जाते, त्यात ती तिसऱ्या हिश्शानं फुगते. ३ एमबीचा कागद ४ एमबी होऊन बसतो. स्कॅनर काळ्यापांढऱ्यावर, २०० डीपीआयला आणला आणि पुढच्या वर्षी मोठी डिस्क घ्यावी लागली नाही.

आता आमची फजिती. सगळं बसवून सहा महिने झाले, आणि कुणीतरी म्हणालं एकाची ईमेलची पेटी बॅकअपमधून परत आणून तर बघू. बघितलं तर चार महिन्यांपूर्वीची. पीसीची डिस्क भरली होती, बॅकअप रोज रात्री अपयशी होत होता, आणि तसं रोज सकाळी इमानेइतबारे ईमेलनं कळवतही होता. 'पोस्टमास्टर' नावाच्या पेटीत, जी कुणी उघडत नव्हतं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी कुणाची तरी एक पेटी दुसऱ्या मशीनवर उभी करून उघडून बघायची, असा नियम केला. नुसत्या पेट्या नाहीत, सर्व्हरची मांडणी, पासवर्ड, डीकेआयएमची किल्ली (पत्र खरंच आपल्याकडूनच गेलंय हे पटवणारी डिजिटल सही जिनं होते ती) हेही नकलेत हवं, नाहीतर नव्या मशीनवर टपाल आलं तरी आपलं टपाल लोकांच्या स्पॅममध्ये जातं.

घरी जाणारी डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी. सभासदांचे आधार, पॅन त्यात असतात. तिचा सांकेतिक शब्द मात्र एकट्याच्या डोक्यात नको. आमचा पाकिटात सील करून बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

यूपीएसचं एकच : बॅटरी तीनेक वर्षांत थकते, आणि यूपीएसपासून सर्व्हरला जाणारी, विजेची नव्हे तर सूचनेची, वेगळी केबल जोडलेली असेल तरच वीज गेल्यावर मशीन स्वतःहून नीट बंद होतं. आमची केबल दोन वर्षं खोक्यातच होती.

सचिवांनी कोटेशन परत पाठवलंय. एक साधं मशीन, १६ जीबी रॅम, आरशाच्या दोन डिस्क, बॅकअपच्या तीन. शनिवारची डिस्क कुणाच्या घरी ठेवायची यावर समितीत अजून वाद चालू आहे; उपाध्यक्ष स्वतःच्या घरी न्यायला तयार आहेत, पण त्यांचं घर पुराचं पाणी शिरणाऱ्या कुंभार गल्लीत.

आपली नम्र,
एक निवृत्त लेखनिक, कोल्हापूर