अंदमानची आखणी: सुधीरला पत्र

इंदूर

प्रिय सुधीर,

फेब्रुवारीत काकू, वहिनी आणि दोन्ही मुलांना घेऊन अंदमानला जायचं ठरवलंस हे वाचून फार आनंद झाला. महिना नेमका निवडलास. नोव्हेंबर-डिसेंबरात तिकडे पाऊस आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांची धास्ती असते, मे उजाडला की पावसाळाच. जानेवारी ते मार्च समुद्र शांत आणि पाणी नितळ.

पण तू आधी हॉटेलं बघत बसला आहेस, ते थांबव. बेटावर सगळं बोटीच्या वेळेवर चालतं. म्हणून आखणी शेवटाकडून कर: परतीचं विमान, मग बोटी, मग मुक्काम, आणि हॉटेल अगदी शेवटी. परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची, यात तडजोड नको. वारा वाढला की बोटी रद्द होतात. बोटीचे पैसे परत मिळतात, चुकलेल्या विमानाचे नाही. नावांचा घोळही लक्षात ठेव. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम. बुकिंग करताना जुनी-नवी दोन्ही दिसतील.

तुमच्या ग्वाल्हेरहून तमिळनाडू एक्सप्रेस थेट चेन्नईला जाते. तिथून विमान सव्वादोन तासांचं. मात्र गाडी उतरून त्याच दिवशी विमान गाठायचा हिशेब करू नकोस, मध्ये एक रात्र ठेव. काकूंना इतका रेल्वेप्रवास झेपणार नसेल तर दिल्लीहून विमानाने जा.

सहा रात्री अशा वाट: पहिली पोर्ट ब्लेअर, तीन हॅवलॉक, एक नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. पोहोचल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल बघून घ्या. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, काकूंचे गुडघे बघून जिने सावकाश चढा. बाराटांग बेटावरच्या गुहा मी सुचवत नाही. पहाटेचा लांबचा रस्ता, तोही जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. मुलं थकतील, आणि त्या लोकांच्या अंगणातून पर्यटकांच्या गाड्यांची रांग न्यावी हे मला मुळातच पटत नाही.

बोटी दोन प्रकारच्या. खासगी वेगवान बोट हॅवलॉकला दीड तासात नेते, पण बंद वातानुकूलित डब्यात बसून राहावं लागतं. सरकारी बोटीला अडीच तास लागतात, ती स्वस्त आहे आणि डेकवर वाऱ्यात उभं राहता येतं. मुलांना एकदा तरी तिनेच ने. सकाळची फेरी घे, दुपारनंतर वारा वाढतो. जागा खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागच्या बाजूला माग. बोटीचं नाक सर्वांत जास्त वरखाली होतं. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी तासभर द्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. तिकिटावरची नावं आधारप्रमाणेच हवीत, आणि धक्क्यावर तासभर आधी पोहोचा.

आता घड्याळ. अंदमान आपल्या पूर्वेला इतकं लांब आहे की सूर्य ग्वाल्हेरपेक्षा जवळपास तासभर आधी माथ्यावर येतो, पण वेळ तीच भारतीय. साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हॅवलॉकवरचा राधानगरचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे चारपर्यंत पोहोचायचं, सहाला नाही. रात्री हॅवलॉक लवकर झोपतं. आपल्या इंदूरच्या सराफा बाजारासारखं रात्री अकराला खाणं तिथे शोधू नका. शाकाहाराची चिंता नको. नीलवर भाजीपाला चांगला पिकतो.

भरती-ओहोटीचं कोष्टक तारखेनुसार जवळ ठेव, कारण ती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. नीलचा लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच जवळून दिसतो, भरतीत तिथे जाता येत नाही. उलट नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीत पोहायला गेलात तर पाणी गुडघ्याएवढं आणि खाली प्रवाळाचे धारदार तुकडे. त्यासाठी घट्ट बसणारे रबरी बूट तुमच्या बाड्यावरच्या बाजारातूनच घेऊन जा. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी जास्त खोल जाते, पूल बघायला ते दिवस उत्तम.

मास्क लावून पाण्यावर तरंगताना पाठ तासन्‌तास उन्हात असते आणि पाण्याच्या गारव्यात भाजणं कळत नाही. म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट हवेतच. स्कूबा मोठ्यालाच करता येईल, दहाच्या आतल्या मुलांना सहसा घेत नाहीत. सर्दी असेल तर त्यालाही नको, चोंदलेल्या नाकाने कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होते. डायव्हिंग हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशीच उरका. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबाने बुडबुडे होऊन बाहेर येऊ शकतो, म्हणून मध्ये निदान १८ तास हवेत. या आखणीत ते आपोआप मिळतात.

पोहायचं ते जीवरक्षकांनी आखलेल्या जागेतच. खाडीच्या तोंडाशी मुळीच नाही, तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडा. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या घोट्यांना चावतात, खोबरेल चोपडा. आणि धाकटीला आत्ताच सांगून ठेव, शंख-प्रवाळ उचलायचे नाहीत. वन्यजीव कायद्याने बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात.

रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढ. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, तरी छोट्या बेटांवर त्याच्या भरवशावर राहू नकोस.

परतीची तारीख नक्की झाली की लगेच कळव, बोटींच्या वेळा आपण फोनवर एकत्र बसवू. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत