डॉ. हैदर यांच्याविषयी

प्रिय सायली,

अनेक आशीर्वाद.

मार्डच्या, म्हणजे तुमच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या, निवडणुकीला उभी राहू का, असं तू विचारलंस. डॉक्टरनं पेशंट बघावेत, राजकारणात पडू नये, असं बाबांचं म्हणणं. मला ते पटत नाही. का, ते सांगायला गाझाच्या डॉ. हैदर अब्देल शाफी यांच्याबद्दल लिहिते.

जन्म १९१९ चा, गाझाचाच. १९४३ मध्ये बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठातून डॉक्टर झाले. पुढे तिथेच शिकलेल्या जॉर्ज हबाश या दुसऱ्या पॅलेस्टिनी डॉक्टरनं सशस्त्र लढ्याची वाट धरली. हैदर यांनी गाझात दवाखाना घातला. १९४८ च्या अरब-इस्रायल युद्धात घरदार गमावलेली जवळजवळ दोन लाख माणसं त्या चिंचोळ्या पट्टीत येऊन पडली, तिथल्या मूळ वस्तीच्या दुपटीहून जास्त. अशा ठिकाणी औषध लिहून दिलं तरी पेशंट परत तंबूतच जाणार, हे डॉक्टरला दिसतच होतं. ते बघून गप्प बसणं त्यांना जमलं नाही.

१९६७ ला इस्रायलनं गाझा घेतलं. पुढे त्यांना दोनदा हद्दपार केलं, आधी सिनाईच्या वाळवंटात, मग लेबनॉनला. परत आले आणि १९७२ मध्ये गाझात रेड क्रेसेंट (रेड क्रॉससारखीच) संस्था उभी केली, गरिबांसाठी दवाखाने चालवले. त्यांच्या आयुष्यातलं मला हे सगळ्यात मोठं वाटतं. लोकांचा विश्वास बसला तो इथे.

म्हणूनच १९९१ मध्ये माद्रिदच्या शांतता परिषदेत पॅलेस्टिनींच्या बाजूनं बोलायला तेच गेले, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. पीएलओशी (पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेशी) उघडपणे बसायला इस्रायल तयार नव्हता, त्यामुळे शिष्टमंडळ जॉर्डनबरोबर संयुक्त होतं. तिथे ते थेट इस्रायली जनतेला उद्देशून बोलले, शत्रूला नव्हे तर शेजाऱ्याला बोलावं तसे. मात्र एका मुद्द्यावर ते जराही हलले नाहीत: व्याप्त जमिनीवर नव्या इस्रायली वसाहती बांधणं आधी थांबवा. १९९३ च्या इस्रायल आणि पीएलओमधल्या ओस्लो करारात ती अट नव्हती. हा करार त्यांच्या पाठीमागे, गुपचूप झाला होता, आणि सगळीकडे जल्लोष असताना त्यांनी त्याला उघड विरोध केला. वसाहती पुढे वाढतच गेल्या.

१९९६ च्या निवडणुकीत गाझानं त्यांना भरघोस मतांनी पॅलेस्टिनी विधिमंडळात पाठवलं. तिथे आपल्याच सरकारातला भ्रष्टाचार हटेना, तेव्हा त्यांनी जागा सोडली. परक्यांशी भांडणं त्यामानानं सोपं असतं गं. २००२ मध्ये मुस्तफा बरघौती (हेही डॉक्टरच) आणि इतरांबरोबर त्यांनी लोकशाहीवादी पक्ष काढला. २००७ मध्ये गाझातच वारले.

त्यांचं माद्रिदचं भाषण इंग्रजीत मिळतं, ते वाच. आणि फॉर्म भर. बाबांशी मी बोलते.

तुझी,
आई