मुक्काम वाढवला आहे, आणि बाबांच्या गोळीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी घाईने सांगितले आणि बाबा गप्पच झाले, म्हणून हे पत्र. प्रयोगशाळेतला मुक्काम मी दोन वर्षांनी वाढवला असून सहीही करून टाकली आहे. आधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर होते, झोपही पुरेशी मिळते.

बाबांचा प्रश्न रास्त होता: मानवी जनुकसंच वाचून पूर्ण झाल्याचे २००३ मध्येच जाहीर झाले, मग आता काय उरले? बाबा, यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच असतो. कोणते जनुक कुठे आणि केव्हा वाचले जाते, हे उरले. एकेका पेशीतला सुमारे दोन मीटर लांबीचा हा डीएनएचा धागा आठ-आठ हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एकेका रिळाभोवती साधारण १४७ अक्षरजोड्या (अक्षरे म्हणजे डीएनएचे रासायनिक घटक). हिस्टोनांवर ॲसिटिल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चढले की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येते. शिवाय एन्हान्सर नावाचे डीएनएचे तुकडे दूरवरून जनुकाला चालना देतात. बोटांच्या घडणीतल्या एका जनुकाचा एन्हान्सर त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरांवर आहे, आणि त्यातले एखादे अक्षर बदलले तरी बाळाला सहावे बोट येऊ शकते. आई, मी आत्याची बोटे पुन्हापुन्हा मोजायचे आणि दर वेळी अकरा भरली की तू हसायचीस, आठवते? आत्याच्या बाबतीत कारण हेच असेल असे मी म्हणत नाही; पण माझे काम अशाच तुकड्यांवर आहे आणि ते अर्धवट टाकून येणे मला जमले नसते.

आता बाबांची प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी. ती पेशीत शिरून एका प्रथिनाला चिकटते, त्याच्यासह केंद्रकात जाते आणि कितीतरी जनुकांचे वाचन वाढवते वा दाबते. सूज उतरते ती त्यामुळेच. मात्र शरीराला स्वतःचे स्टेरॉइड बनवण्याची आज्ञा देणारी यंत्रणाही त्याच ओघात दबते आणि तिला जाग यायला वेळ लागतो. म्हणून बरे वाटते आहे म्हणून मनानेच गोळी बंद करायची नाही, बाबा. डॉक्टर सांगतील तशीच ती हळूहळू कमी होईल. रागावून लिहीत नाही, मागच्या खेपेला मी फार घाबरले होते.

आई, रोजची गोळी त्यांनी तुझ्यासमोरच घ्यावी, आणि रविवारच्या फोनवर मला पाकीट दाखव.

तुमची,
धाकटी